पोतेऱ्यासह दिवाणसाहेबांच्या चरणी

रा. रा. दिवाणसाहेब यांसी,
मुक्काम हॉलमधला दिवाण, उशीकडची बाजू,
तिसरा मजला, लिफ्ट नाही, पुणे.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आषाढातल्या त्या रविवारी पहाटे आपण दिवाणावरच्या कापसाच्या गादीच्या अगदी मधोमध जे कार्य उरकलंत, त्याला आता दोन महिने होतील. गादी गेली. वासही गेला, असं घरातल्या आम्हा तिघांचं मत आहे. आपलं मत वेगळं दिसतं. जाता-येता आपण दिवाणाच्या त्या फळीपाशी थांबता, नाक टेकवता, वरचा ओठ ओढता आणि तोंड अर्धवट उघडं ठेवून शून्यात बघत राहता. मला आधी ती नापसंती वाटायची. मग कळलं की आपल्या जातीच्या टाळूत वास टिपणारं एक जादा इंद्रिय असतं, जेकबसनचं इंद्रिय म्हणतात त्याला, आणि तोंड उघडून आपण तो वास चक्क चाखत असता. म्हणजे दोन महिने आणि 18 हजार रुपये खर्चून मी जे पुसून टाकलं, ते आपण अजूनही सकाळच्या पेपरासारखं वाचता.

आपली या घरातली नेमणूक कशी झाली, हे वाचकांना सांगायला हवं. आमच्या कन्येने आपल्याला चपलांच्या खोक्यातून आणलं, ‘दोनच दिवस ठेवू गं’ म्हणाली, आणि सहा महिन्यांनी नोकरी लागून बंगळूरला निघून गेली. तिथला घरमालक प्राणी ठेवू देत नाही. इथला देतो, कारण इथले मालक आम्हीच आहोत, अशी आमची समजूत होती. आपण पहिल्या रात्रीच दिवाणाचा ताबा घेतलात, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘हे दिवाण झाले, आता आपण कारकून.’ नाव तिथूनच पडलं.

तर त्या रविवारची पहाट. मी ओल्या गादीकडे बघितलं आणि दहा मिनिटांत चार गोष्टी केल्या. गरम पाणी ओतलं. ब्रशने गोल गोल घासलं. वर फिनाईल ओतून फडका फिरवला. शेवटी दोन उदबत्त्या लावल्या. हे चारही उपाय पिढ्यान् पिढ्या चालत आलेले, आणि आपल्या बाबतीत चारही चुकीचे. आपला उद्योग गादीवर ताटलीएवढा होता. घासून घासून मी तो परातीएवढा केला, आणि गरम पाण्याने कापसाच्या तळापर्यंत पोचवला. दूध, अंडं, रक्त, उलटी, ज्यात प्रथिनं आहेत अशा कुठल्याही डागावर गरम पाणी ओतलं की तो कापडात घट्ट बसतो. अंडं उकडल्यावर बसतं तसा. आपल्या प्रकरणात पाण्याला तापवायचं काही कारणच नव्हतं.

सासूबाईंचं वय 82. त्या गुडघे धरत आल्या आणि म्हणाल्या, ‘घासतेस काय? त्यावर जुनं लुगडं टाक आणि उभी राहा.’

मी उभी राहिले. लुगडं प्यायलं. दुसरी घडी टाकली, तीही प्यायली. आधी मी मुलीच्या आहेरातला मऊ, लुसलुशीत, कोरा टॉवेल वापरून पाहिला होता, तो पाणी शोषण्याऐवजी इकडचं तिकडे ढकलत होता. नव्या टॉवेलवर कारखान्यातला मऊपणाचा थर असतो. तो बऱ्याच धुण्यांनंतर जातो आणि मग कापड प्यायला लागतं. वीस वर्षं धुतलेल्या सुती लुगड्याला, धोतराला, पंच्याला हे शिकवावं लागत नाही. घरात अशी सगळी जुनी कापडं आम्ही गेल्या दिवाळीच्या साफसफाईत भांडीवालीला देऊन एक स्टीलचा डबा घेतला होता. हे एकच लुगडं सासूबाईंनी उशीखाली दडवून ठेवलं होतं म्हणून वाचलं.

आता फिनाईलबद्दल, कारण त्यावरून या घरात जेवढं राजकारण झालं तेवढं आपल्यावरूनही झालेलं नाही.

आमच्या कामाच्या मावशींचं म्हणणं असं, की ‘वास आल्याशिवाय पुसल्यासारखं वाटत नाही ताई.’ मला ते पटायचं. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यासारखा वास आला की घर निर्मळ झालं, असं आमच्या नाकांना तीन पिढ्यांचं वळण आहे. काळं फिनाईल डांबरातून निघणाऱ्या फेनॉलच्या कुळातल्या द्रव्यांचं असतं. आणि निसर्गाने आपल्याला डोळे दिले, मिश्या दिल्या, शेपूट दिली, पण फेनॉल पचवून बाहेर टाकायला जे विकर, म्हणजे एन्झाइम, यकृतात लागतं, ते काही नीट दिलं नाही. माणसांना, कुत्र्यांना ते आहे. मांजरांना जवळजवळ नाही. आपण ओल्या फरशीवरून चालता, मग खिडकीत बसून एकेक पंजा तब्येतीत चाटता. म्हणजे मावशी रोज सकाळी साडेनऊला आपल्याला बेताबेताने विष वाढत होत्या, आणि मी त्यासाठी महिन्याला पाच लिटरचा कॅन आणून देत होते. पांढऱ्या फिनाईलमध्ये पाइनचं तेल असतं, तेही आपल्याला सोसत नाही. नीलगिरीचं तेल, टी ट्री तेल, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, ही सगळी सुवासिक मंडळी त्याच पंक्तीतली. आपल्यावर माझा कितीही राग असला तरी खून करायचा बेत नव्हता, हे इथे नोंदवते.

फिनाईल बंद झालं. आता बादलीत साधं पाणी, चमचाभर साबणाचं द्रावण, आणि मागून एकदा नुसत्या पाण्याचा हात. मावशींनी पहिला आठवडा काम केलं ते सुतक असल्यासारखं.

पण फिनाईलची खरी गंमत पुढे आहे. मी एन्झाइमवाला फवारा मागवला. दुकानदाराने सांगितलं होतं, हाच एक उपाय. त्याचं म्हणणं खरं होतं आणि माझं नशीब वाईट. आपल्या मूत्रात युरिया असतो, जिवाणू तो फोडून अमोनिया करतात. म्हणून पहिल्या दिवशीपेक्षा तिसऱ्या दिवशी घर जास्त ‘बोलतं’. शिवाय त्यात फेलिनिन नावाचं गंधकवालं एक अमिनो आम्ल असतं, खास मांजरकुळाचं. त्याला ताजेपणी वास नसतो. ते हळूहळू तुटत जातं तसा त्यातून गंधकाचा तो आपला जगप्रसिद्ध दर्प सुटतो. लोणचं मुरावं तसा तो मुरत जातो. खच्ची न केलेल्या बोक्यांत ते जास्त असतं. (आपली शस्त्रक्रिया झालेली आहे, तो विषय मी मर्यादा पाळून इथेच सोडते.) साबण वरचं धुतो, अत्तर वरून झाकतं, आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की आतलं पुन्हा वर येतं. फवाऱ्यातली विकरं आणि जिवाणू हे पदार्थ मुळातच मोडून टाकतात. अट एवढीच की त्यांना ओलं राहायला वेळ द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं तरी, गादीसारख्या जाडीत कितीतरी अधिक. आणि जिथवर मूत्र गेलं तिथवर ते पोचायला हवं. आणि त्याआधी तिथे जंतुनाशक ओतलेलं नसावं, कारण ते या कामकरी मंडळींनाच मारतं.

आम्ही तिथे अर्धा लिटर फिनाईल ओतून ठेवलेलं होतं. वरून मी 700 रुपयांची फौज उतरवली आणि ती फौज उतरल्या उतरल्या गारद झाली. जी काही वाचली असेल ती मावशींनी दोन मिनिटांत कोरड्या फडक्याने पुसून घेतली, ‘ओलं ठेवू नये ताई, पाय घसरतो’ म्हणत.

यानंतर आमचा पुतण्या प्रकट झाला. ज्याच्याकडे मांजर नाही, त्याच्याकडे उपाय असतात. ‘काकू, व्हिनेगर आणि खायचा सोडा. केमिकल नको, नैसर्गिक.’ दोन्ही एकत्र ओतले. काय फेस आला म्हणून सांगू! डोळ्यांचं पारणं फिटलं. फेस संपल्यावर उरलं ते किंचित खारट पाणी, कारण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारतात आणि आपसात मिटवून मोकळे होतात. सोडा एकटा वापरला तर वास थोडा ओढतो, व्हिनेगर एकटं अमोनियाला मारतं. दोघांना एकत्र आणणं म्हणजे दोन भांडकुदळ व्याह्यांना एकाच खोलीत उतरवणं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ते व्हिनेगर दिवाणाखाली ओघळलं. आमच्या हॉलला जुनी मोझॅक आहे, 1978 ची, सासऱ्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलेली. मोझॅकमध्ये संगमरवराचे तुकडे असतात, सिमेंटात बसवलेले. संगमरवर म्हणजे चुनखडीचंच राजघराणं, आणि आम्ल चुनखडीला खातं. शहाबादी, कोटा, कडप्पा, मराठी घरांच्या पायाखाली आणि ओट्यावर वर्षानुवर्षं असलेली ही काळी-करडी-हिरवट मंडळी याच खानदानातली. (कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड रात्रभर विसरून बघा. नको, बघू नका.) व्हिट्रिफाइड टाइल्सना काही होत नाही, तिथे हे नैसर्गिक लाड खुशाल करावेत, सांध्यातलं सिमेंट सांभाळून. आमच्या मोझॅकवर मात्र दोन पंजांएवढा एक पांढुरका, खरबरीत डाग पडला. तो कशानेही जात नाही. दिवाणसाहेब, आपला डाग गेला, माझा राहिला.

मोरीचंही सांगून टाकते. मोरीत आपण जाळीवर बसता ही आपली एकमेव शहाणी सवय. पाणी ओतलं की काम झालं. पण मला वाटलं, जंतू मरायला हवेत, म्हणून कपडे पांढरे करायचं ब्लीच ओतलं. मूत्रातला अमोनिया आणि ब्लीचमधलं क्लोरीन यांची सोयरीक जमली की क्लोरामाइन नावाचा वायू निघतो. डोळ्यांतून पाणी, घशात काटे, आणि मी दार उघडून सज्जात. त्याच ब्लीचवर संडासाचं आम्लवालं क्लीनर टाकलं असतं तर नुसता क्लोरीनच निघाला असता, म्हणजे आपल्याला दुसरे कारकून शोधावे लागले असते.

आता यंत्रांकडे येऊ. यात आपला प्रत्यक्ष हात कमी आणि आमच्या कन्येच्या क्रेडिट कार्डाचा जास्त.

वाफेचा पोछा आला. वाफ म्हणजे गरम पाण्याची मोठी बहीण. गालिच्यावर फिरवला आणि आपला वास त्यात पक्का शिजला. तो पोछा आता ओट्यामागच्या तेलकट फरशा पुसतो आणि ते काम उत्तम करतो. फिरकीच्या बादलीचा पोछा आला. मावशींनी दोन दिवस पायाने गरगर फिरवला, तिसऱ्या दिवशी फडकं काढून हातात घेतलं आणि उकिडव्या बसून पुसू लागल्या. उभ्याने पुसलेलं त्यांना दिसत नाही म्हणे. फडकं मात्र मायक्रोफायबरचं होतं, ते चांगलं. केसाहून कितीतरी बारीक धाग्यांचं असल्याने धूळ आणि आपले केस धरून ठेवतं. फक्त कपड्यांच्या मऊपणाच्या द्रावणात धुतलं की त्याची धरण्याची वृत्ती संपते. संसारात मुरलेल्या माणसासारखं ते गुळगुळीत होतं.

आणि त्याआधी, गेल्या दिवाळीला आलेला तो गोल चकती-यंत्रमानव. स्वतः फिरतो, स्वतः झाडतो, स्वतःच जाऊन चार्जिंगला बसतो. आम्ही त्याला ओवाळलंसुद्धा. लक्ष्मीपूजनाला केरसुणी पुजायची, तिच्या शेजारी त्यालाही हळद-कुंकू. रोज अकराला निघायची वेळ लावून दिली. एका मंगळवारी आम्ही तिघे बँकेत. पावणेअकराला आपण केसांचा गोळा आणि त्यासोबत सकाळचा नाश्ता पॅसेजमध्ये ठेवलात. अकराला तो निघाला. परत आलो तेव्हा तीन खोल्यांत रांगोळी काढलेली होती. ठिपक्यांची नव्हे, संस्कारभारतीची, मोठमोठ्या गोलांची, कोपऱ्या-कोपऱ्यांत फुलं सोडलेली. तो स्वतः जागेवर जाऊन शांतपणे चार्ज होत होता. आपण टीव्हीवर बसून खाली बघत होतात, अगदी पंचांसारखे.

यात आम्ही एकटे नाही, एवढाच दिलासा. 2016 साली अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या एका गृहस्थाच्या घरी रात्री कुत्र्याच्या पिल्लाने आणि असल्याच यंत्राने मिळून हाच कलाविष्कार केला. त्याने तो जाहीर लिहिला आणि साऱ्या जगात त्याचं हसं झालं. पुढे 2021 मध्ये आयरोबोट कंपनीने असला प्रसाद ओळखून वळसा घालणारं यंत्र काढलं, आणि चुकलंच तर यंत्र बदलून देण्याची हमी दिली. हमी घन स्वरूपाच्या कार्याची. आपली विविधता त्यांना ठाऊक नसावी.

चिडून मी त्या रात्री ही यंत्रं कुणाच्या डोक्यातून निघाली ते शोधत बसले. 1876 साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स गावात मेलव्हिल बिसेल नावाचा चिनीमातीच्या भांड्यांचा दुकानदार होता. भांडी भुशात भरून यायची, भुसा गालिच्यात अडकून बसायचा आणि झाडूला दाद द्यायचा नाही. त्याने चाकांवर ढकलायचं, गोल ब्रशचं झाडूयंत्र केलं आणि पेटंट घेतलं. 1889 मध्ये तो वारला, तेव्हा त्याची बायको ॲना हिने कंपनी हातात घेऊन चालवली, ज्या काळात तिकडे बायका कंपन्या चालवत नसत. त्याच मिशिगनमध्ये, 1947 च्या थंडीत, एड लो नावाच्या माणसाकडे शेजारीण आली. तिच्या मांजरासाठीची वाळू बर्फाने गोठलेली, राख वापरावी तर घरभर काळी पावलं. लोच्या घरच्या धंद्यात सांडलेलं तेल शोषायला एक माती विकायचे, ती त्याने तिला दिली. ‘किटी लिटर’ जन्माला आलं ते असं. आणि ती माती म्हणजे फुलर्स अर्थ, आपली मुलतानी माती! माझ्या दोन्ही बहिणी जी तोंडाला लावून अर्धा तास न हसता बसतात, तिच्यात आपल्या पूर्वजांनी पंजे मारले. हल्लीच्या पिशवीत बहुतेक गोळे होणारी बेंटोनाइट माती असते. दहा किलोची पिशवी आमचे हे तीन जिने चढवतात आणि वर आल्यावर काही वेळ आपल्याशी बोलत नाहीत.

त्या दुकानदाराला काय उचलायचंय ते आधी माहीत होतं: भुसा. एड लोलाही माहीत होतं: पावलं. मी मात्र आधी यंत्र घेतलं आणि मग त्याच्यासाठी घाण शोधत फिरले.

एक यंत्र मात्र उपयोगी निघालं, तेही भीतभीत घेतलेलं: पाणी फवारून लगेच खेचून घेणारं, सोफा-गालिच्याचं छोटं धूड. घासणं नाही, ओतणं नाही. आत ढकललेलं पाणी घाणीसकट परत बाहेर. शेवटी सासूबाईंच्या लुगड्यावर उभं राहण्याचाच तो विजेवर चालणारा प्रकार. त्याआधी ह्यांनी साध्या, कोरड्या व्हॅक्यूम क्लीनरने ओलं खेचायचा प्रयत्न केला होता. मोटार ‘भुस्स’ म्हणाली आणि मीटरचं बटण पडलं. ओल्यासाठी ओल्या-कोरड्याचं यंत्र लागतं, आणि त्यातही कागदी गाळणी काढून स्पंजाची लावावी लागते, हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं. माहितीपुस्तकावर आपण झोपला होतात.

यूव्ही टॉर्चचा प्रयोग थोडक्यात सांगते, कारण त्यात माझीच शोभा झाली. नोटा तपासतात तसला जांभळा टॉर्च. त्यात सुकलेलं मूत्र चमकतं. रात्री दिवे घालवून मी आणि हे घरभर फिरलो. सोफ्याचा पाय चमकला, पडद्याची कड चमकली, आणि सगळ्यांत झगझगीत चमकलं ते ह्यांचं बनियन. कपड्याच्या पावडरीत पांढरं शुभ्र दिसण्यासाठी जे द्रव्य घालतात तेही या प्रकाशात उजळतं. दिवाणाखालचा जो सर्वांत मोठा तेजोगोल मी आपल्या नावावर लिहिला होता, तो मावशींच्या बादलीतून सांडलेल्या पावडरीचा निघाला. आरोपपत्रातलं ते कलम मी मागे घेते.

सांडलवंडीत आपला वाटा मात्र निर्विवाद आहे. वरणाची वाटी आपण ओट्यावरून पांढऱ्या टेबलक्लॉथवर सोडलीत. ह्यांनी तत्परतेने कपड्याचा साबण चोळला आणि ओरडले, ‘अगं, रक्त!’ हळद साबणाच्या क्षाराने लालभडक होते, हे शाळेत विज्ञानाच्या वहीत लिहून दहापैकी दहा मिळवलेले गृहस्थ. हळदीचा डाग खरं तर उन्हाला घाबरतो. दोन दिवस कडक ऊन दिलं की फिका पडतो. पण आपण मुहूर्त आषाढातला निवडलात. तेलाची बुधली आडवी केलीत तीही शहाबादीवर, जी तेल पाहुण्यासारखं आत घेते आणि परत सोडत नाही. तिथे पोछा मारला की तेल पसरतं, म्हणून सासूबाईंनी आधी ज्वारीचं पीठ पसरलं, वर वर्तमानपत्र, मग सुपलीने खरवडून उचललं. ‘चुलीतली राख असती तर पीठ वाचलं असतं,’ म्हणाल्या. फुटलेल्या काचेच्या बरणीचे मोठे तुकडे झाडून घेतल्यावर बारीक कुसळं त्यांनी कणकेच्या ओल्या गोळ्याने टिपली. त्या दिवशी मी यंत्रमानवाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघेही काही बोललो नाही.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे आपल्याला नेलं ते शेवटी. त्यांनी आपली लघवी तपासली, पोट दाबलं, आपण त्यांचा हातमोजा फाडलात. आजार नव्हता. त्या म्हणाल्या, बोका वारंवार बसतोय, कण्हतोय आणि थेंब येत नाही असं दिसलं तर फडकं शोधत बसू नका, तडक उचलून आणा. मार्ग तुंबला तर एका-दोन दिवसांत जीव जातो. मग त्यांनी विचारलं, मातीचा ट्रे कुठे ठेवलाय?

वॉशिंग मशीनच्या शेजारी. सोयीचं पडतं ना, तिथेच नळ.

‘आणि मशीन किती वाजता लावता?’

पहाटे पाचला, पाणी असतं तेव्हा.

त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. आपण पिंजऱ्यात पंजा चाटत होतात. पहाटे पाचला आपण मोठ्या विश्वासाने तिथे बसायचात आणि शेजारचं धूड पिळायला लागून थरथरायचं, हे मला पायरी उतरताना दिसायला लागलं. ट्रे आता सज्जात आहे आणि दुसरा पॅसेजमध्ये, कारण एका मांजराला दोन, दोघांना तीन, असा त्यांचा हिशोब आहे.

गादी मात्र वाचली नाही. पावसात चार दिवस पंख्याखाली ठेवली, मग गादीवाल्याला बोलावलं. त्याने नाक गादीजवळ नेलं आणि मागे घेतलं. ‘वहिनी, कापूस पिंजून देतो, पण मग माझं दुकानच पिंजावं लागेल.’ नवी गादी त्यानेच भरून दिली. मी त्यावर ऑनलाइन 1,400 रुपयांचं वॉटरप्रूफ आवरण बघत बसले होते, तेवढ्यात सासूबाई माळ्यावरच्या ट्रंकेतून एक गुंडाळी काढून आल्या. हिरवट, तडकलेल्या कडांचं मेणकापड. ‘यावर तुझा नवरा लहानाचा मोठा झाला. त्याने काय कमी भिजवलं?’

हे पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.

मेणकापड गादीवर, त्यावर सुती चादर, चादरीवर आपण. सासूबाईंचं लुगडं आता चार तुकड्यांत कापून मोरीपाशी, दिवाणाखाली, पॅसेजमध्ये आणि ओट्याखाली ठेवलेलं आहे. एन्झाइमचा फवारा आहे, पण मावशींपासून लपवून. मावशी अजूनही मधूनच हवा हुंगतात आणि म्हणतात, ‘घराला काही वासच नाही ताई.’

कळावे. लोभ असावा, मांडीवर.

आपली कारकून

ता. क. : हे लिहीत असताना आतल्या खोलीतून आपला ‘ऑक्, ऑक्’ असा पूर्वसूचनेचा आवाज येतो आहे. आपण गालिच्यावर आहात, हे आवाजावरून कळतं. दोन पावलांवर मोकळी, धुता येण्याजोगी फरशी आहे. तिकडे सरकण्याची कृपा व्हावी. नाही ना? बरं. लुगडं घेऊन येते.